हार्डडिस्कमधले फोटो आणि वहिनींची मंडला, स्टॉक साइटवर खरंच पैसे मिळतात का?

प्रश्न वाचला. डोंबिवलीला राहता, फोर्टला नोकरी, एक डीएसएलआर आहे, हार्डडिस्कमध्ये हजारो फोटो पडलेत (मरीन ड्राइव्हचा पाऊस, सनसेट, विसर्जन, हरिश्चंद्रगड), वहिनी मंडला आणि वारली काढतात, आणि कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंत की स्टॉक साइटवर (जिथे आपले फोटो-चित्रं वापरायची परवानगी विकायला ठेवतात) एकदा टाकलं की झोपेतसुद्धा डॉलर येतात. तर येतात का, किती, कुठली साइट घ्यायची, आणि कोणी फोटो चोरला तर काय, एवढं विचारलंयत. मी परळची, हे काम बरीच वर्षं करतेय, आधी नोकरी सांभाळून आणि आता बऱ्यापैकी पूर्णवेळ, म्हणून जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

पैसे येतात. पण तुमच्या हार्डडिस्कमधल्या फोटोंचे फारसे येणार नाहीत, आणि का नाही येणार हेच सांगायचंय.

आधी आकडे, म्हणजे डोक्यातून झोपेतले डॉलर जातील. शटरस्टॉकवर जून २०२० पासून लेव्हल सिस्टिम आहे, पहिल्या लेव्हलला विक्रीचे १५ टक्के आणि सगळ्यात वरच्या सहाव्या लेव्हलला ४० टक्के, वर्षभरात जितके डाउनलोड होतील तशी लेव्हल चढते आणि १ जानेवारीला सगळ्यांची परत पहिल्यावर येते, कितीही जुने असा. सबस्क्रिप्शनवाल्या ग्राहकाने फोटो घेतला तर तुम्हाला कमीत कमी १० सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. दादर स्टेशनबाहेर त्यात वडापाव पण येत नाही. अडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के आणि व्हिडिओला ३५ टक्के देतं, तिथे सबस्क्रिप्शनचा एक डाउनलोड साधारण ३३ सेंटच्या पुढे पडतो. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह (म्हणजे फक्त त्यांनाच फोटो देणारे) नसाल तर फोटोला १५ टक्के. मधूनच एखादं मोठं लायसन्स, म्हणजे मोठ्या वापराची परवानगी, विकलं जातं आणि एका झटक्यात पन्नास-साठ डॉलर येतात, पण त्या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नका.

इतके कमी का, तर हा धंदाच तसा झालाय. पूर्वी एजन्सीतून एक फोटो एका जाहिरातीला द्यायचा म्हणजे शेकड्यांत डॉलर लागायचे. २००० साली कॅनडात कॅलगरीला आयस्टॉकफोटो सुरू झालं आणि स्वस्तात फोटो मिळायला लागले, २००३ ला न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक आलं आणि महिन्याचं पॅकेज घ्या हवे तेवढे फोटो उचला असं सुरू झालं, २००६ ला गेटी या मोठ्या फोटो एजन्सीने आयस्टॉक ५ कोटी डॉलरला विकत घेतलं, फोटोलिया नावाची अशीच साइट २०१५ ला अडोबीकडे गेली आणि त्याचंच अडोबी स्टॉक झालं. म्हणजे गिऱ्हाईक आता एकेका फोटोला भाव करत नाही, बुफेची थाळी घेऊन बसलेलं असतं. आपल्याला त्यात वाढून ठेवायचंय आणि पुन्हा पुन्हा उचललं जाईल असंच ठेवायचंय.

आता उचलतं कोण ते डोळ्यासमोर आणा. लोअर परळच्या एखाद्या एजन्सीत रात्री साडेनऊला एक डिझायनर बसलाय, बँकेचं ब्रोशर सकाळी द्यायचंय, त्याला पन्नाशीचं भारतीय जोडपं लॅपटॉपसमोर हवंय, गोरं नको, श्रीमंत बंगला नको, आणि डाव्या बाजूला मजकूर टाकायला जागा रिकामी हवी. तो तुमचा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघणारच नाही. सनसेट तर जगभरातल्या लाखो लोकांनी आधीच टाकून ठेवलेत, त्या गर्दीत तुमचा शंभराव्या पानावर. फोटो वाईट आहे असं नाही हो, तो फ्रेम करून हॉलमध्ये लावा, सुंदर दिसेल. विकायचा माल वेगळा असतो एवढंच, आणि तो बहुतेक वेळा बघायला कंटाळवाणा असतो.

एक उदाहरण नीटच सांगते. आमच्या शेजारच्या काकू, साधी सुती साडी, ओट्याशी उभं राहून मोबाइलवर लाइटबिल भरतायत. बस, एवढाच फोटो. पण शटर दाबायच्या आधी अर्धा तास नुसती झाडझूड. कुकरवरचं कंपनीचं नाव, मिक्सरचा लोगो, तेलाची पिशवी, चहाचा पुडा, भिंतीवरचं कॅलेंडर, फ्रिजवरचे मॅग्नेट, आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतं ते स्विचबोर्डवरचं बारीक नाव, हे सगळं एकतर हलवायचं नाहीतर फिरवायचं, कारण कमर्शियल म्हणजे जाहिरातीच्या वापराच्या फोटोत एकही ब्रँड दिसला की साइटचा फोटो तपासणारा, रिव्ह्यूवाला, परत पाठवतो. मोबाइलच्या पाठीवरच्या लोगोवर काळी चिकटपट्टी. स्क्रीनवर खऱ्या अॅपचं पान ठेवायचं नाही, कोरी ठेवायची, डिझायनर त्याला हवं ते टाकतो. उजेड गॅलरीच्या दारातून, समोरच्या बाजूला पांढरी चादर दोरीवर टाकलेली म्हणजे चेहऱ्याची सावली उठते, फ्लॅश नाही काही नाही. मग तोच प्रसंग आडवा, उभा, काकू उजवीकडे आणि डावीकडे भिंत रिकामी, काकू हसतायत, काकू वैतागल्यात (पेमेंट फेल झालं की होतो तसा चेहरा, हा हसऱ्यापेक्षा जास्त जातो, कारण फसवणूक, सायबर फ्रॉड, महागाई या सगळ्या बातम्यांना तोच लागतो), आणि शेवटी नुसते हात आणि मोबाइल. एकाच बैठकीत वेगवेगळ्या कामाचे फोटो झाले, पण म्हणून एकाच पोझचे वीस टाकायचे नाहीत, सारखेसारखे फोटो आहेत म्हणून सगळेच रिजेक्ट होतात.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचा कागद, मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाचं संमतीपत्र. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची सही असलेलं रिलीज लागतं, फोटोग्राफरची सही लागते, साक्षीदाराची सही पण घेऊन ठेवा, मूल असेल तर आईवडिलांची किंवा पालकाची. सगळ्या साइट आपापला फॉर्म देतात, साधा डाउनलोड करून प्रिंट काढायचा. नुसते हात असतील तर सहसा लागत नाही, पण हातावर टॅटू किंवा ठळक गोंदण दिसत असेल तर अडतं. रिलीज नसलेला तुमच्या आजीचा अप्रतिम पोर्ट्रेट आणि रिलीज असलेला काकूंचा साधा फोटो यात विकला जाणारा फोटो काकूंचा.

इथे एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते. सही घेताना त्या माणसाला स्पष्ट सांगा की हा फोटो कुठेही दिसू शकतो, कर्जाच्या जाहिरातीत, डायबेटिसच्या लेखात, शेजारच्या रिक्षाच्या पाठीवर. घरचाच माणूस आहे म्हणून सही उरकून घेऊ नका. आणि थोडे का होईना पैसे द्या.

मुंबईच्या फोटोंचं मात्र वेगळं आहे, कारण तुमच्याकडे तेच जास्त असणार. इथे कमर्शियल आणि एडिटोरियल हा फरक नीट समजून घ्या. कमर्शियल म्हणजे जाहिरातीत, पॅकेटवर, ब्रोशरवर वापरायला मोकळा. एडिटोरियल म्हणजे बातमी, लेख, पुस्तक, माहितीपर वापर, तिथे रिलीज लागत नाही पण फोटोत काही खोडायचं-जोडायचं नाही आणि बाजार अर्थातच लहान. चर्चगेटच्या गर्दीतले चेहरे, डबेवाले, विसर्जनाची मिरवणूक, बेस्टची बस, सीएसएमटी, हे सगळं एडिटोरियलला टाका. गेटवेला उभं राहून फोटो काढलात आणि मागे ताज आला तर तोही, कारण ताजमहाल पॅलेसच्या इमारतीची प्रतिमाच २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर झालीय, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. गणपतीची मूर्ती म्हणजे मूर्तिकाराची कला, तिथेही एडिटोरियल बरं. भिंतीवरची म्युरल्स, महालक्ष्मीची असोत की वांद्र्याची, ती कोणाची तरी चित्रं आहेत, त्यांचा नुसता सपाट फोटो काढून विकायला जाऊ नका.

एडिटोरियलचं कॅप्शन ठरलेल्या पद्धतीनेच लिहावं लागतं, शहर, देश, तारीख आणि मग काय चाललंय ते. म्हणजे 'मुंबई, इंडिया - सप्टेंबर ६, २०२५: अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी जमलेले भाविक' असं, अर्थात इंग्रजीत टाइप करून. तारीख कॅमेऱ्यात चुकीची सेट असेल तर आत्ताच बघून घ्या. तुमच्या हार्डडिस्कमधून काही निघालं तर ते इथेच निघेल, पूर येऊन गेलेले दिवस, बंद पडलेली जुनी दुकानं, आता नसलेले पूल, मेट्रोचं खोदकाम. जे परत काढता येणार नाही ते आधी बाहेर काढा. सनसेट नंतर बघू, म्हणजे नकोच बघायला.

ड्रोन असेल तर मुंबईत जरा जपून. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर झोन बघावा लागतो, विमानतळ आणि नेव्हीमुळे शहराचा बराच भाग बंदच आहे, वर पोलिसांचे मनाईचे आदेश असतात.

कीवर्ड, म्हणजे फोटो शोधायचे शब्द. यात लोक अक्षरशः माती खातात. फोटो कितीही चांगला असो, तो शब्दांनीच सापडतो. शटरस्टॉकला कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ५० लागतात, अडोबीला ४९ पर्यंत चालतात आणि अडोबीवर क्रम महत्त्वाचा, पहिले दहा सगळ्यात वजनदार. काकूंच्या त्या फोटोला मी 'ब्यूटिफुल', 'नाइस', 'फोटो' असलं काही टाकत नाही. त्यात इंडियन, सीनियर वुमन, मोबाइल फोन, ऑनलाइन पेमेंट, किचन, साडी, होममेकर, मिडल क्लास, डिजिटल इंडिया, बिल, कॉपी स्पेस (मजकुराची रिकामी जागा), व्हर्टिकल असं जातं. म्हणजे डिझायनर सर्चमध्ये काय टाइप करेल ते. त्याला 'काकू' हा शब्द माहीत नसतो, त्याला 'मॅच्युअर इंडियन वुमन' हवी असते. फोटोत नसलेली गोष्ट कीवर्डमध्ये घुसडू नका, खाली ढकलला जातो. आणि हे सगळं लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्येच फाइलच्या मेटाडेटात (फाइलसोबत जाणाऱ्या माहितीत) भरा, म्हणजे प्रत्येक साइटवर तेच तेच टाइप करत बसायला नको, फाइल चढवली की शब्द आपोआप येतात.

वेळेचं गणित पण आहे. दिवाळीच्या जाहिराती गणपतीच्या आधीच ठरायला लागतात, त्यामुळे दिवाळीचे फोटो जुलैपर्यंत साइटवर पाहिजेत. दिवाळीत काढून दिवाळीतच टाकलेत तर ते पुढच्या वर्षीसाठी झाले असं समजा. या पावसाळ्यात काढलेली छत्री-लोकल-चिखल पुढच्या मे-जूनला चालेल. मी भर उन्हाळ्यात घरात आकाशकंदील लावून बसते आणि शेजारचे विचारतात काय गं बरं आहे ना.

टेक्निकल बाजू पटकन. कमीत कमी ४ मेगापिक्सेल, जेपेग फाइल, रंगाचं सेटिंग एसआरजीबी, शंभर टक्के झूम करून डोळे शार्प आहेत का आणि सावलीत नॉइज (दाणे) आहे का बघा. तुमचा कॅमेरा पुरेसा आहे, नवीन बॉडी घेऊ नका, घ्यायचीच तर एक ५० एमएमची स्वस्तातली लेन्स घ्या. चांगल्या उजेडात आजकालचे मोबाइलसुद्धा पास होतात, पण व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल चढवू नका, ती आकसलेली असते. ओरिजिनलच घ्या.

आता वहिनींचं, कारण मला वाटतं तुमच्या घरातला खरा माल तिकडे आहे. कागदावरचं चित्र मोबाइलने फोटो काढून टाकू नका, स्कॅन करा. ए-फोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला की साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल होतो, म्हणजे चालून जातो. पण त्याहून बरं म्हणजे व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र, त्यासाठी इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर परवडत नसेल तर इंकस्केप फुकट आहे. आपोआप ट्रेस करून तसंच टाकलं तर हजारो फालतू पॉइंट तयार होतात, रिव्ह्यूत अडकतं आणि घेणारा डिझायनरपण शिव्या घालतो. मंडलाची एक पाकळी हाताने नीट आखायची आणि फिरवत कॉपी करायची, रेषा बंद ठेवायच्या, रंग वेगळ्या लेयरवर. मग ईपीएस (व्हेक्टरची फाइल) सेव्ह करून जोडीला जेपेग. स्वतःच्या चित्रालाही काही ठिकाणी प्रॉपर्टी रिलीज (मालकाचं संमतीपत्र) मागतात, त्यावर वहिनींनी स्वतःच सही करायची. हो, आणि अकाउंट वहिनींच्याच नावाने काढा, चित्रं त्यांची आहेत तर पैसे पण त्यांच्याच खात्यात जाऊ देत.

पिंटरेस्टवर बघून काढलेलं असेल तर ते बाजूला ठेवा, हात आपला असला तरी डिझाइन दुसऱ्याचं. वारलीबद्दल माझं मत जरा कडक आहे. वारली चित्रकलेला जीआय टॅग (त्या भागाची ओळख जपणारी कायदेशीर नोंद) आहे, ती पालघर-डहाणूकडच्या आदिवासींची परंपरा आहे. आपण त्या शैलीत काही काढलं तर वर्णनात सरळ 'वारली शैलीवरून प्रेरित' लिहा, 'ऑथेंटिक वारली' लिहून विकणं मला पटत नाही. लग्नाचा चौक, तारपा नाच तेच तेच उतरवण्यापेक्षा वहिनींनी डोंबिवलीची लोकल, नळावरची भांडणं, हळदीकुंकू असं स्वतःचं काढलं तर बाजारात पण कमी गर्दी आहे. रांगोळी, तोरण, पैठणीची किनार, गुढी, पुरणपोळीचं ताट यांची आयकॉन साधी आणि स्वच्छ काढून एकेका सणाचे सेट केले तर सुट्या चित्रापेक्षा सेट जास्त उचलले जातात.

एआयचं विचारणारच होतात. गेटीने सप्टेंबर २०२२ मध्येच एआयने बनवलेली चित्रं घेणं बंद केलं, शटरस्टॉकही आपल्यासारख्या फोटो टाकणाऱ्यांकडून घेत नाही, अडोबी घेतं पण तसं लेबल लावावं लागतं. लपवून टाकलंत आणि सापडलं तर अकाउंट जातं. परिणाम काय झाला, तर साधी बॅकग्राउंड, सरधोपट मंडला, चकचकीत ऑफिसातली हसरी माणसं यांचा महापूर आला आणि त्यांचा भाव गेला. काकूंच्या ओट्यावरचा खरा पसारा, त्यांच्या बांगड्या, नऊवारी नेसायची खरी पद्धत अजून एआयला नीट जमत नाही, पदर भलत्याच खांद्यावर जातो. आणि ओळखता येईल अशा खऱ्या जागेचा, खऱ्या तारखेचा एडिटोरियल फोटो तर यंत्राकडून घेताच येत नाही. आपले फोटो एआय शिकवायला पण वापरले जातात, त्याचे थोडे पैसे येतात, शटरस्टॉकच्या सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय आहे, अकाउंट काढल्या काढल्या बघून ठरवा.

टॅक्स. अकाउंट उघडलं की डब्ल्यू-८ बेन नावाचा अमेरिकन फॉर्म भरायला सांगतात, लोक घाबरून सोडून देतात. सोडू नका. तो भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, भरला तर भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवर १५ टक्के, टॅक्स नंबरच्या जागी आपला पॅन टाकायचा. तो साधारण तीन वर्षांनी परत भरावा लागतो, मेल येतो, दुर्लक्ष करू नका. पैसे पेपल किंवा पेओनियर या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवांमधून येतात, अडोबीला २५ डॉलर जमल्याशिवाय काढता येत नाहीत. पॅनवरचं, बँकेतलं आणि साइटवरचं नाव एकच ठेवा, लग्नानंतर नाव बदललं असेल तर वहिनींचं इथे हमखास अडतं. आणि हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचंच, तिकडे कापलेल्याचं क्रेडिट इकडे मिळतं, त्याचा वेगळा फॉर्म असतो, सीएला विचारा.

साइट कुठली, तर सुरुवातीला अडोबी आणि शटरस्टॉक दोन्ही, नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे तोच फोटो दोन्हीकडे चालतो. एडिटोरियल जास्त असेल तर जोडीला अलामी ही तिसरी साइट. दहा साइटवर चढवत बसण्यात दम जातो. पेक्सेल्स, पिक्साबे, अनस्प्लॅशवर नाव व्हावं म्हणून फुकट टाकू नका, पहिल्या दोन कॅनव्हाच्या आहेत आणि अनस्प्लॅश गेटीची, फुकट दिलेला फोटो नंतर कोण विकत घेणार. आणि लग्नाच्या ऑर्डरचे फोटो हार्डडिस्कमध्ये असतील तर ते अजिबात नाही, पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्याने पैसे देऊन फोटो काढवून घेणाऱ्या ग्राहकाचा असतो.

शेवटचं तुमचं, कोणी चोरला तर काय. एक दिवस माहीमच्या सिग्नलला होर्डिंगवर आपला फोटो दिसतो आणि रक्त तापतं, पण बहुतेक वेळा तो रीतसर घेतलेला असतो, आपल्याला त्याचे चाळीस रुपये आधीच मिळालेले असतात आणि कोणी घेतला ते साइट सांगत नाही. त्यामुळे आधी त्या फोटोची विक्री झालीय का बघा, मग साइटच्या सपोर्टला मेल करा, आणि मगच भांडायला जा. रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स) मात्र कधीच डिलीट करू नका, पुरावा तोच.

तुम्ही पुढच्या रविवारी पहिला घरगुती शूट केलात तर रिजेक्ट झालेले फोटो कारणासकट इथे टाका, मी बघून सांगते.